पिलाची आई कोठे आहे?

दुकानात जाऊन कुत्र्याचे किंवा मांजरीचे पिलू विकत घेणे योग्य आहे काय, असा प्रश्न आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न वाचून काहींना नवल वाटेल. दारू, हुंडा, कर्ज काढून केलेली लग्ने, भाऊबंदकीचे कोर्टखटले असे मोठमोठे प्रश्न मंडळ्यांपुढे उभे असता हा कुत्र्यामांजरांचा विषय कशाला, असेही कोणी म्हणतील. परंतु हा प्रश्न आज आपल्या पुष्कळ घरांत खरोखरच उभा राहतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांत पाळीव प्राण्यांची दुकाने थाटली गेली आहेत. मोबाइलवर फोटो पाहून पिलू घरपोच मागविण्याची सोयही झाली आहे. नाताळ किंवा वाढदिवस जवळ आला म्हणजे मुले आईबापांच्या मागे लागतात. आईबाप पैसे मोजतात, पिलू घरी येते, सर्वांना आनंद होतो. यात कोणी कोणाचे वाईट केले असे कोणाच्या मनातही येत नाही. ज्या कृत्यात आपल्याला काहीच वाईट दिसत नाही, त्याचीही एकदा तपासणी करावी, असे आम्हांला वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. प्राणी पाळणे वाईट नाही. तो विकत घेणे हेही मुळात पाप नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेला दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे (२ शमुवेल १२). त्या दृष्टांतातील गरिबाजवळ एकच लहानशी मेंढी होती, आणि ती त्याने विकत घेतलेली होती, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. विकत घेतलेल्या त्या जिवाला त्याने आपल्या लेकरांबरोबर वाढविले, आपल्या ताटातले भरविले, लेकीप्रमाणे कुशीत घेतले. शेजारच्या श्रीमंताच्या लेखी तीच मेंढी म्हणजे पाहुण्याचे एक वेळचे जेवण. दोघांमधला फरक पैशाचा नव्हता. त्या जिवाकडे कोणी काय म्हणून पाहिले, याचा तो फरक होता. तेव्हा आपल्यापुढचा खरा प्रश्न असा आहे : ज्या व्यापारातून दुकानातले पिलू आपल्या घरी येते, तो व्यापार त्या पिलाकडे आणि त्याला जन्म देणाऱ्या मादीकडे काय म्हणून पाहतो?

दुकानातले पिलू दुकानात जन्मलेले नसते. ते कोठेतरी दुसरीकडे जन्मलेले असते. पैदास करणाऱ्याकडून ते दलालाकडे येते, दलालाकडून टोपलीत किंवा खोक्यात बसून बस, रेल्वे अथवा टेंपोने शहरात येते, आणि मग काचेमागे किंवा पिंजऱ्यात बसते. पैदास करणारे सगळेच सारखे नसतात हे आम्ही मान्य करतो. घरात एकदोन कुत्री सांभाळून, प्रत्येक पिलू कोणाकडे जाते आहे हे स्वतः पाहून देणारी माणसेही आहेत. परंतु अशा माणसाला आपले पिलू अनोळखी हाती जाऊ नये असे वाटते, म्हणून तो ते सहसा दुकानात पाठवीत नाही. दुकानाला सतत, बारा महिने, निरनिराळ्या जातींची पिले हवी असतात. ती पुरविणाऱ्याला संख्येचा हिशेब करावा लागतो. त्या हिशेबाचा भार शेवटी मादीच्या शरीरावर पडतो.

तो हिशेब कसा असतो ते पाहू. कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. त्यानंतर सहा ते आठ आठवडे ती पिलांना अंगावर पाजते. साधारणपणे ती वर्षातून दोनदा माजावर येते. प्रत्येक माजाला तिला नराजवळ सोडले तर एक वेत संपून अंगात जरा ताकद येते न येते तोच दुसरे वेत सुरू होते. मांजरीची पिले लवकर काढून घेतली तर ती थोड्याच दिवसांत पुन्हा माजावर येते. पिले जितकी लवकर उचलावीत तितका सांभाळण्याचा खर्च कमी. शिवाय पिलू जितके लहान तितके ते गोजिरवाणे दिसते आणि गिऱ्हाईक लवकर भुलते. अशा रीतीने मादीला विसावा न देणे आणि पिलू लवकर तोडणे या दोन्ही गोष्टींत पैसा आहे. मादीची वेते थांबली म्हणजे त्या हिशेबात तिला जागा उरत नाही. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला यांतले काहीच दिसत नाही. त्याला मऊ टॉवेलावर झोपलेले पिलू तेवढे दिसते. त्याची आई दिसत नाही.

पिलू लवकर तोडल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. शरीराचे आणि स्वभावाचे असे दोन्ही प्रकारचे नुकसान होते. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिलांवर अनेक वर्षे निरीक्षणे केली व १९६५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या शिक्षणाचा काळ असतो, असे त्यांना आढळले. याच काळात ते आईच्या व भावंडांच्या संगतीत खेळावे कसे, चावा किती जोराचा झाला म्हणजे दुसऱ्याला दुखते, रागवावे कधी व थांबावे कधी, हे शिकते. माणसांची ओळखही त्याला याच दिवसांत व्हावी लागते. हे दिवस ज्याने पिंजऱ्यात एकटे काढले, ते पिलू मोठेपणी भित्रे किंवा चावरे निघण्याचा संभव वाढतो. मग घरचे लोक म्हणतात, कुत्रा वाईट निघाला. त्याला शिकविणारी शिक्षिका आपण पैसे देऊन काढून घेतली, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे नुकसान रोगाचे. १९७८ साली जगभर एकाएकी पसरलेला पार्व्हो नावाचा रोग पिलांच्या आतड्यांवर घाला घालतो. त्याचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. म्हणजे विक्रीच्या दिवशी पिलू उड्या मारीत असते आणि त्याच आठवड्यात घरी उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू होतात. ठिकठिकाणची पिले एका खोलीत, एकाच भांड्यात खाऊ लागली तर असे रोग पसरायला वेळ लागत नाही. मांजरांतही याच जातीचा एक रोग आहे. लस असते, पण ती एकदा टोचून भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा द्यावी लागते. या रोगाचे विषाणू घरात व अंगणात कित्येक महिने टिकून राहतात. त्यामुळे एक पिलू दगावले म्हणून लगेच दुसरे आणले, तर तेही त्याच वाटेने जाऊ शकते. लहान मुलाच्या मांडीवर चार दिवस खेळलेले पिलू पाचव्या दिवशी मरते, तेव्हा त्या मुलाच्या मनाला काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

तिसरी गोष्ट जातींच्या हौसेची. पग नावाचा चपट्या नाकाचा कुत्रा आणि पर्शियन मांजर ही आज दुकानांतून फार खपतात. त्यांचा चेहरा माणसानेच पिढ्यान् पिढ्या निवड करून असा चपटा केला आहे. त्यामुळे अशा पुष्कळ प्राण्यांना श्वास घेताना त्रास होतो व डोळ्यांतून सारखे पाणी वाहते. आल्प्स पर्वतातील एका खिंडीत, बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांना आसरा देणारा एक मठ आहे. सेंट बर्नार्ड जातीचा केसाळ कुत्रा तेथल्या साधूंनी वाढविला. तोच कुत्रा मे महिन्याच्या उन्हात ग्वाल्हेरच्या गच्चीवर बांधलेला असावा, यात प्राण्याविषयी प्रेम किती आणि शेजाऱ्यांना दाखविण्याची हौस किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. मांजराचा उल्लेख आपल्या ६६ पुस्तकांत कोठेही नाही, आणि कुत्र्याविषयी जे आहे ते बहुधा तिरस्काराचेच आहे. म्हणून कोणी म्हणेल की या विषयावर शास्त्राला काही सांगावयाचे नाही. परंतु मोशेच्या नियमशास्त्रात आमच्या विषयाला अगदी लागू पडणारे तीन नियम आहेत, व ते रविवारच्या शाळेत फारसे शिकविले जात नाहीत. पहिला लेवीय २२ व निर्गम २२ यांत आहे : वासरू, कोकरू किंवा करडू जन्मले तर सात दिवस ते आईजवळ राहिले पाहिजे, आठव्या दिवसापूर्वी ते देवाला अर्पण म्हणूनसुद्धा चालत नाही. दुसरा लेवीय २२ मध्येच आहे : गाय किंवा मेंढी आणि तिचे पिलू यांना एकाच दिवशी मारावयाचे नाही. तिसरा अनुवाद २२ मध्ये आहे : वाटेत पाखराचे घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर आईलाही धरावयाचे नाही, तिला सोडून द्यावयाचे.

हे तीनही नियम ज्या लोकांना दिले ते प्राणी खाणारे, विकणारे व बळी देणारे लोक होते. त्यांना प्राण्यांचा उपयोग करू नका असे सांगितलेले नाही. सांगितले ते एवढेच की पिलाला हात लावताना त्याला आई आहे हे विसरू नका. देवाच्या वेदीवरचे अर्पणही आईचे सात दिवस हिरावून घेऊन केलेले असेल तर देवाला ते नको होते. मग आपल्या मुलाच्या वाढदिवसाची भेट आईचे दिवस हिरावून आणलेली असली तर ती आपल्याला कशी चालावी?

आपल्या देशाच्या कायद्यानेही आता हीच दिशा धरली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला व त्याच्या आधारे १९६२ साली भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ स्थापन झाले. नामवंत नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी, आणि २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयी केंद्र सरकारने नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने व दुकानदाराने राज्याच्या जीवजंतु कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे सक्तीचे आहे. आठ आठवड्यांच्या आतले कुत्र्याचे पिलू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला गाभण करावयाचे नाही, वर्षात एकापेक्षा अधिक वेत घ्यावयाचे नाही आणि जन्मात पाचांहून अधिक वेते घ्यावयाची नाहीत, असेही त्यांत आहे.

नियम चांगले आहेत. परंतु ज्या १९६० च्या कायद्यावर ते आधारलेले आहेत, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. आज ५० रुपयांत पिलाच्या खाण्याची एक लहान पुडी येते. शिवाय गल्लीबोळांतील पिंजरे मोजणार कोण आणि मोबाइलवरची विक्री अडविणार कोण? म्हणून या बाबतीत कायद्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या हाती अधिक सत्ता आहे, असे आम्ही समजतो. नियमाची अंमलबजावणी कोणी करो वा न करो, गिऱ्हाइकाने पाठ फिरविली तर तो व्यापार टिकत नाही.

परदेशांत काय झाले तेही थोडक्यात सांगतो. २०१३ साली वेल्समधील एका पैदासकेंद्रातून लूसी नावाची एक लहान जातीची कुत्री सोडविण्यात आली. सारखी वेते घेऊन तिचे शरीर खिळखिळे झाले होते. २०१६ साली ती मेली. तिच्या नावाने लोकांनी चळवळ केली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडात नवा नियम लागू झाला : सहा महिन्यांच्या आतले कुत्र्याचे वा मांजरीचे पिलू दुकानदाराला किंवा दलालाला विकता येणार नाही. ज्याला पिलू हवे त्याने पैदास करणाऱ्याकडे स्वतः जावे, किंवा अनाथ प्राण्यांच्या आश्रमातून न्यावे. कुत्र्याचे पिलू घेणाऱ्याला ते त्याच्या जन्मस्थानी, आईजवळ दाखविले गेले पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने त्याआधीच, १ जानेवारी २०१९ पासून, दुकानांत फक्त आश्रमांतली कुत्री, मांजरे व ससे ठेवता येतील असे ठरविले. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानांतील कुत्र्यामांजरांची विक्री बंद केली. या सर्वांचे मर्म एकच दिसते. पिलू घेणारा व पिलाची आई यांच्यामध्ये जो पडदा होता, तो त्यांनी दूर केला.

आता आमचे काही वाचक पौलाचे वचन पुढे करतील, आणि ते योग्यच आहे. करिंथच्या बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा मूर्तीला वाहिलेल्या पशूचे असे. पौलाने विश्वासणाऱ्यांना सांगितले की ते कोठून आले याची खोदून चौकशी करीत बसू नका (१ करिंथ १०). मग पिलू कोठून आले याची चौकशी आम्ही तरी का करावी? येथे दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पौलाने चौकशी नको म्हटले, कारण मूर्ती ही त्याच्या मते काहीच नव्हती. मांस तिच्यापुढे ठेवल्याने कोणाला इजा झाली नव्हती. पिलाची आई मात्र काहीच नाही असे नव्हे. ती कोठेतरी जिवंत आहे, आणि तिला दुखते. दुसरे असे की, पौल पुढे लगेच म्हणतो : कोणी तुम्हांला ते कोठून आले हे सांगितले, तर मग खाऊ नका. न कळता केलेली गोष्ट वेगळी आणि कळल्यावर केलेली वेगळी. हा भेद पौलाने केला आहे, व तो आपल्यालाही करावा लागेल. ज्यांनी आजवर अजाणतेपणी दुकानातून पिले आणली त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ती पिले आता त्यांच्या घरची लेकरे आहेत. त्यांना प्रेमाने शेवटपर्यंत सांभाळावे. प्रश्न पुढच्या खरेदीचा आहे.

आता सर्वांत कठीण आक्षेप. पुष्कळ लोक पिलू हौसेने नव्हे तर दयेने विकत घेतात. पिंजऱ्यात ते कुडकुडत असते, जाळीतून पंजा बाहेर काढते, आणि पाहणाऱ्याचे काळीज हलते. तो म्हणतो, मी विकत घेतले नाही, मी सोडविले. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. त्या पिलापुरते पाहिले तर त्याचे म्हणणे खरे आहे. ते पिलू खरोखरच सुटते. याउलट आम्ही काय सांगत आहोत? समोर दिसणाऱ्या जिवापुढून निघून जा, असे! याजक आणि लेवी असेच बाजूने निघून गेले नव्हते काय?

चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात आणखी एक गोष्ट आहे. त्याने जखमी माणसाला उचलले, तेल व द्राक्षारस लावून जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले आणि खर्चासाठी पैसे दिले. ते पैसे त्याने उतारशाळेच्या मालकाला दिले, लुटारूंना दिले नाहीत. लुटारूंना पैसे देऊन त्याने तो माणूस सोडविला असता, तर एका माणसाचा जीव वाचला असता, आणि यरीहोच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी आणखी दोघे लुटले गेले असते. दुकानदाराला आम्ही लुटारू म्हणत नाही. पुष्कळदा तोही थोड्याशा नफ्यावर दिवस काढणारा मनुष्य असतो. परंतु आपला पैसा कोणत्या बाजूला जातो, हा प्रश्न तोच आहे. दयेने दिलेला पैसा आणि हौसेने दिलेला पैसा गल्ल्यात पडल्यावर सारखाच दिसतो. पिंजरा रिकामा झाला की दुकानदार दलालाला फोन करतो, आणि कोठेतरी त्या मादीला पुन्हा नराजवळ सोडतात. आपण एक पिलू सोडविले, आणि त्याच्या आईच्या माथी आणखी एक वेत मारले.

म्हणून काहीच करू नये असे नाही. पिलू आजारी, उपाशी किंवा फारच लहान दिसले तर गावातील प्राणिमित्र संस्थेला, जनावरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना वा पोलिसांना कळवावे. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा, असे दुकानदाराला नम्रपणे म्हणावे. ज्या दयेने आपण खिशात हात घातला होता तीच दया घेऊन आश्रमात जावे, आणि ज्याला कोणी विकतही घेणार नाही असे एखादे पिलू घरी आणावे. तेथे दिलेला पैसा उतारशाळेच्या मालकाला दिलेला असतो.

दुकानदाराच्या पोटाचे काय, असेही विचारले जाते. पोटाचा प्रश्न खरा आहे, आणि दुसऱ्याचा धंदा बुडावा असे आम्हांला वाटत नाही. परंतु प्राण्यांचे खाणे, पट्टे, साखळ्या, भांडी, अंथरुणे यांची गरज आश्रमातून आणलेल्या कुत्र्यालाही असतेच. कॅलिफोर्नियातील दुकाने आश्रमातल्या प्राण्यांना आपल्या जागेत ठेवून त्यांच्यासाठी घर शोधू शकतात. आपल्याकडेही एखाद्या दुकानदाराला तसे सुचविता येईल. धंदा चालावा, तो मुक्या जिवाच्या गर्भावर चालू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मग पिलू आणावे कोठून? पहिले ठिकाण म्हणजे आपली गल्ली. आपल्याकडे गावठी कुत्र्याला कमी लेखण्याची सवय आहे. परंतु तो आपल्या हवेत वाढलेला, काटक व हुशार असतो, आणि लहानपणापासून माया मिळाली तर जातिवंत कुत्र्याइतकाच घराला धरून राहतो. रस्त्यावरील कुत्र्यांचा उपद्रव आणि रेबीजची भीती खरी आहे हे आम्ही जाणतो. त्यावर उपाय लसीचा व नसबंदीचा आहे. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारच्या सहकार्याने वर्षानुवर्षे कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. गल्लीतले एक पिलू घरात घेऊन, त्याला लस देऊन, वय झाल्यावर नसबंदी केली, तर प्राण्यांचे व शेजाऱ्यांचे दोघांचेही हित होते. दुसरे ठिकाण आश्रमांचे. हैदराबादेत १९९२ पासून ब्लू क्रॉस ही संस्था हे काम करीत आहे. इतर शहरांतही लहानमोठ्या संस्था आहेत. तेथे सोडून दिलेले जातिवंत प्राणीही येतात.

तरीही एखाद्याला विशिष्ट जातीचाच कुत्रा हवा असेल, तर त्याने दुकानाची पायरी न चढता पैदास करणाऱ्याच्या दारी जावे. बेळगावकरांना मुधोळ फार दूर नाही; तेथील सडपातळ शिकारी कुत्र्याचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले. मात्र तेथे जाऊनही एकच प्रश्न विचारावा : याची आई कोठे आहे? आई दाखविली, ती धडधाकट व निर्भय दिसली, ती कितव्यांदा व्याली हे न अडखळता सांगितले, आणि आठ आठवडे होईपर्यंत पिलू देणार नाही असे तो म्हणाला, तर पुढचे बोलणे करावे. आई गावी आहे, ती चावते, आज दाखविता येत नाही, अशी उत्तरे आली तर नमस्कार करून परत यावे.

आणि आणखी एक मार्ग आहे तो म्हणजे प्राणी न आणणे. कुत्रा दहाबारा वर्षे जगतो, मांजर पंधराही. नवराबायको दोघे दिवसभर कामावर, घर दोन खोल्यांचे, सुटीत गावी गेल्यावर सांभाळायला कोणी नाही, अशा घराने मुलाला प्रेमाने नाही म्हणावे. ते नाही म्हणणेही प्राण्यावरील दयाच आहे. नाताळची भेट म्हणून दुसऱ्याच्या घरी न विचारता पिलू पाठविणे तर कधीच करू नये. केक संपतो, कागदी तारा उतरविला जातो. पिलाला मात्र पुढची दहा वर्षे रोज दोन वेळा भूक लागते.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना थोडे सांगावयाचे आहे. हा विषय मुलांपुढे मांडताना पैदासकेंद्रांतील भीषण वर्णने करून त्यांना घाबरवू नये. पाखराच्या घरट्याचा नियम वाचून दाखवावा आणि विचारावे : देवाने आईला सोडून द्यायला का सांगितले असेल? मुले स्वतःच उत्तर देतात. मोठ्या वर्गाला नाथानाचा दृष्टांत द्यावा आणि त्यातील गरीब, श्रीमंत व राजा या तिघांपैकी दुकानातील गिऱ्हाईक कोणासारखे आहे यावर चर्चा करावी. दावीद त्या श्रीमंतावर भयंकर संतापला होता, आणि तो मनुष्य आपणच आहोत हे त्याला कळत नव्हते. आपणही पैदास करणाऱ्यावर संतापतो. त्याला पैसा पुरविणारा कोण, हे विसरतो. एखाद्या शनिवारी वर्गाला आश्रमात नेता आले तर फारच चांगले. कापडाचे जुने तुकडे, खाण्याचे सामान मुलांनी जमवून न्यावे. ज्या मुलाला घरी प्राणी पाळणे शक्य नाही त्यालाही तेथे दयेचे काम करावयास मिळते.

मंडळीने अशा कामात पडावे काय, असे कोणाला वाटल्यास एक जुनी हकिगत आठवावी. १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरता थांबविण्यासाठी जी पहिली संस्था निघाली, ती स्थापन करण्यात आर्थर ब्रूम नावाचे एक पाळक पुढे होते, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्यम विल्बरफोर्स त्यांच्या सोबत होते. संस्थेला कर्ज झाले आणि त्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले. माणसाच्या दुःखाविषयी ज्यांना कळवळा होता त्यांनाच मुक्या जनावरांचाही कळवळा आला. एका दयेने दुसरी दया कमी झाली नाही.

येशूने चिमण्यांच्या बाजारभावाचा उल्लेख केला आहे. मत्तयात एका दमडीला दोन, लूकात दोन दमड्यांना पाच. म्हणजे जास्त घेतल्या तर पाचवी फुकट. बाजाराच्या लेखी त्या पाचव्या चिमणीची काहीच किंमत नव्हती, तरी देवाला तिचाही विसर पडलेला नाही, असे त्याने सांगितले. दुकानातल्या पिलाला निदान किंमत तरी असते. त्याच्या आईला आता कोणी विचारीत नाही. येत्या नाताळापूर्वी ज्या घरांत पिलू आणण्याचे बोलणे निघेल, तेथे आमच्या वाचकांनी एवढे करावे : पैसे काढण्याआधी तिची चौकशी करावी, आणि उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशात ठेवून आश्रमाचा पत्ता विचारावा.